ताट उलटं करून बघा: एका निळ्या चिनी डिनर सेटची नोंदणी

न्यू इंग्लंडमधल्या जुन्या घरातून चिनी पोर्सिलीनचा मोठा निळा सेट बाहेर पडतो, तेव्हा त्याच्याबरोबर तीन ठरलेली वाक्यंही बाहेर पडतात. सेट पूर्ण आहे, एकाच जहाजातून आलाय, आणि 1790 च्या सुमाराचा आहे. तिन्हींतलं एखादं खरं निघालं तरी पुष्कळ. इथे वर्णन केलेला सेट मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या एका घरातला. घर रिकामं करण्याआधी सगळ्या भांड्यांची यादी, वय, अवस्था आणि बांधाबांध एवढं काम आमच्याकडे होतं. मोजून 131 नग भरले. घरच्या कागदात आकडा 172 होता. तो काही हवेतला नाही, कँटनहून, म्हणजे दक्षिण चीनमधल्या आजच्या ग्वांगझू बंदरातून, अमेरिकेत येणाऱ्या डिनर सेटच्या बिलांत 172 नगांचा सेट हा नेहमीचा हिशेब होता. पण 172 तल्या 41 फुटल्या आणि 131 उरल्या, इतकं ते सरळ नसतं.

कामाची जागा आधी. जेवणाच्या टेबलावर जाड टॉवेल दुमडून अंथरला, भांडी नेण्याची वाट मोकळी केली, अंगठ्या, घड्याळं, बांगड्या उतरवल्या. कापडी हातमोजे अशा कामाला वापरत नाहीत, पोर्सिलीन त्यातून सटकतं. स्वच्छ कोरडे हात किंवा नायट्राइलचे मोजे. ताट दोन्ही हातांनी बुडाखालून धरायचं. ट्युरीनचं, म्हणजे सूपच्या मोठ्या भांड्याचं झाकण आधी वेगळं काढायचं, आणि ते वरच्या गोंड्याला धरून उचलायचं नाही. कानाला धरून तर काहीच उचलायचं नाही. दोनशे वर्षांपूर्वी चिकटवून भाजलेला कान आणखी किती दिवस टिकेल याचा अंदाज बाहेरून लागत नाही.

नगांवर स्टिकर लावू नका. गोंद निघताना सोनेरी मुलामा घेऊन निघतो. कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने नंबर लिहून ती ताटाखाली सरकवायची, कान असलेल्या भांड्याला सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधायची. मोजतानाच एक नियम ठरवून घ्यायचा: भांडं, झाकण आणि खालची तबकडी हे तीन नग की एक? आम्ही तीन धरतो आणि यादीच्या वर तसं लिहितो. हे न लिहिल्यामुळे विमा कंपनीचा, वारसांचा आणि लिलाववाल्यांचा असे तीन वेगवेगळे आकडे झालेले पाहिलेत.

पहिली विभागणी आकाराने: जेवणाची सपाट ताटं, सूपची खोलगट ताटं, डेझर्टच्या लहान बश्या, लांबट प्लॅटर, ट्युरीन, सॉसची लहान ट्युरीनं. इथवर कुणीही करू शकतो. दुसरी विभागणी काठावरून आणि मधल्या चित्रावरून, आणि तिथे निळ्या चिनी मालाची तीन मुख्य घराणी माहीत असावी लागतात.

पहिलं कँटन, बंदराच्याच नावाचा नमुना. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जास्त आलेला माल. पाणी, पूल, चहाघर, विलोचं झाड, डोंगर. पुलावर माणूस नाही. काठाला जाळी आणि तिच्या आतल्या बाजूला ढगासारखी लहरी रेघ. दुसरं नानकिंग. देखावा तोच, पण रेघ बारीक, निळा स्वच्छ, काठाच्या आतल्या बाजूला भाल्याच्या टोकांची ओळ, पुष्कळदा वरून सोनेरी रेषा, आणि पुलावर कधीकधी छत्रीवाला माणूस. तिसरं फिट्झह्यू, ईस्ट इंडिया कंपनीशी संबंध असलेल्या एका इंग्रज घराण्याच्या नावावरून पडलेलं नाव. यात देखावा नाही. मध्ये एक पदक, त्याच्याभोवती फुलांचे आणि शुभवस्तूंचे चार गुच्छ, काठाला जाळी, फुलपाखरं आणि फोडलेली डाळिंबं. निळ्यात सगळ्यात जास्त, मग हिरव्या, केशरी, तपकिरी रंगांत, आणि पिवळ्या-काळ्यात फारच थोडं.

या सेटचा बहुतांश भाग निळं फिट्झह्यू. त्यातल्या बऱ्याच नगांवर मधलं लंबगोल पदक पांढरं मोकळं सोडून त्यात सोनेरी आणि तपकिरी रंगात घराण्याची आद्याक्षरं काढलेली.

ही आद्याक्षरं नखाने तपासायची. निळ्यावरून नख फिरवलं तर काही लागत नाही, कारण कोबाल्टचा निळा कच्च्या मातीवर काढून त्यावर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, चढवतात आणि सगळं मिळून 1300 अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात. अक्षरांवर मात्र नख किंचित अडखळतं. ती भाजून झालेल्या ग्लेझवर काढून, 700-800 अंशांच्या सौम्य भट्टीत पक्की केलेली. म्हणजे एकाच ताटावर दोन गावांचं काम आहे. निळा काठ जिंगदेझेनचा, पोर्सिलीनच्या भट्ट्यांच्या गावचा. तिथून माल गान नदीने, मेइलिंग खिंडीतून हमालांच्या खांद्यावर आणि पुन्हा नदीने कँटनला यायचा. आद्याक्षरं कँटनच्या कारागिरांची, तयार मालावर गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीबरहुकूम काढलेली. काठच वेगळा हवा असेल तर मागणी जिंगदेझेनला जायची आणि माल पुढच्या हंगामाच्या जहाजाला मिळायचा. नुसती आद्याक्षरं त्याच मुक्कामात होऊन जात. परदेशी व्यापाऱ्यांना कँटनच्या तटाबाहेर, नदीकाठच्या तेरा कोठ्यांतच राहता यायचं आणि व्यवहार परवानाधारक हाँग व्यापाऱ्यांमार्फत. चिनी मातीची दुकानं मात्र कोठ्यांच्या मागच्या गल्ल्यांत होती.

अमेरिकेचा थेट व्यापार सुरू झाला तो ‘एम्प्रेस ऑफ चायना’ या जहाजाने. 22 फेब्रुवारी 1784 ला न्यूयॉर्कहून निघालं, पोटात मुख्य माल जिनसेंगच्या मुळ्यांचा, आणि मे 1785 मध्ये चहा, कापड आणि चिनी भांडी घेऊन परतलं. त्यावरचा सुपरकार्गो, म्हणजे मालाचे व्यवहार सांभाळणारा, सॅम्युअल शॉ. सिनसिनाटी या लष्करी अधिकाऱ्यांच्या संस्थेचं चिन्ह पोर्सिलीनवर काढून घ्यायचा त्याचा घाट होता. मनातलं चित्र कँटनच्या चित्रकारांना जमेना म्हणून तो वैतागलाही, नक्कल उत्तम करतात पण रचना करता येत नाही, असं त्याचं म्हणणं. शेवटी तुतारी वाजवणारी कीर्तीदेवता आणि तिच्या हातात संस्थेचं पदक एवढंच उतरलं, फिट्झह्यूच्या निळ्या काठात. तसला 302 नगांचा एक सेट 1786 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनने हेन्री लीमार्फत 150 डॉलरला घेतला. म्हणजे खुद्द वॉशिंग्टनच्या ताटांनाही काठ दुकानातलाच तयार आणि मधलं चित्र तेवढं वेगळं. हे कळलं की आद्याक्षरांच्या सेटकडे बघण्याची नजर बदलते. आद्याक्षरं सेटचं मूळ सांगतात. काठ काहीच सांगत नाही, तो शेकडो घरांत सारखाच.

तर मग आद्याक्षरं असलेले नग एका बाजूला. इथे घाई करायची नाही. सोनं सगळ्यात आधी घासून जातं. पांढरं लंबगोल पदक रिकामं दिसलं तर ताट खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात धरायचं, जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत. जिथे सोनं होतं तिथे ग्लेझची चकाकी किंचित मंद झालेली असते आणि अक्षराची सावली उमटते. या सेटमधल्या बऱ्याच ‘कोऱ्या’ ताटांवर अशी सावली सापडली आणि ती पहिल्या गटात गेली. पण ज्या ताटांवर मधलं पदक निळ्या नक्षीने पूर्ण भरलेलंच आहे, त्यांच्यावर आद्याक्षरं कधीच नव्हती. तो वेगळा माल, नंतर कधीतरी काठाला काठ जुळवून विकत घेतलेला.

विभागणी अशी झाली. आद्याक्षरांचा गट 71 नग: 38 सपाट ताटं, 11 सूपची ताटं, 9 डेझर्टच्या बश्या, 5 प्लॅटर, एक माझरीन म्हणजे भोकांची ताटली, दोन सॉस-ट्युरीनं झाकण-तबकडीसकट, आणि मोठ्या ट्युरीनचं नुसतं भांडं. भरलेल्या पदकाचं फिट्झह्यू 27 नग. नानकिंग आणि कँटन मिळून 24. आणि 9 नग असे, की जे तिथे असायलाच नको होते.

त्या नऊपासून सुरुवात केली, सोपं म्हणून. सात ताटं विसाव्या शतकातल्या नकला. बुडावर उत्पादकाचा छापील शिक्का आहेच, पण शिक्का नसता तरी दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली काम झालं असतं. हाताने काढलेल्या निळ्यात कुंचल्याचा ओघ दिसतो, रेघेच्या शेवटी रंग साचून गडद होतो. छापील चिकटचित्रात बारीक ठिपके दिसतात, आणि दोन ताटं शेजारी ठेवली तर प्रत्येक पान तंतोतंत त्याच जागी. उरलेली दोन इंग्लंडची विलो ताटं, म्हणजे चिनी देखाव्याची इंग्रजी छापील नक्कल. ती पोर्सिलीनच नव्हेत, पांढऱ्या मातीची आहेत. मागून टॉर्च लावला तर उजेड आरपार येत नाही, काठाच्या नक्षीत छपाईचा कागद जिथे जुळवला तिथे सांधा दिसतो, आणि पुलावर तीन माणसं. घरोघरी याच विलोला ‘कँटन’ म्हणतात.

आता खरं काम: प्रत्येक ताट उलटं करणं. पुढची बाजू सगळे बघतात, नकला करणारेही. बुडाकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं, म्हणून ते खरं बोलतं. बुडाच्या कड्यावरचं ग्लेझ भाजण्याआधी पुसून काढलेलं असतं, नाहीतर वितळलेल्या ग्लेझने ताट भट्टीतल्या आधाराला कायमचं चिकटलं असतं. त्या उघड्या मातीवर, ग्लेझ जिथे संपतं तिथे, बारीक नारिंगी-तपकिरी रेघ दिसते. मातीतलं लोह थंड होताना हवेशी संयोग पावतं त्याची ती. कड्याला कधीकधी वाळूचे कण भाजून चिकटलेले असतात. ग्लेझ किंचित निळसर-करडं, आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा बारीक खड्ड्यांचा. जुन्या प्लॅटरचं बूड पुष्कळदा पूर्णच बिनग्लेझचं आणि सपाट. नव्या नकलांत कडं यंत्राने घासून एकसारखं गुळगुळीत आणि पांढरंशुभ्र.

शिक्का नसणं हा जुनेपणाचा पुरावा नाही. मॅकिन्ली जकात कायद्यामुळे 1891 पासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देशाचं इंग्रजी नाव घालावं लागू लागलं. म्हणून ‘चायना’ एवढाच शिक्का असेल तर माल 1891 नंतरचा, आणि ‘मेड इन चायना’ असेल तर साधारण विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीनंतरचा. पण पुष्कळदा नाव कागदी लेबलवर असायचं, आणि ते पहिल्या धुण्यातच गेलं. या सेटमधल्या चार कँटन ताटांना ‘चायना’ शिक्का आहे. तीच जाडी, तोच ढोबळ काठ, तसलंच फिकट निळं असलेली आणखी सहा ताटं बिनशिक्क्याची आहेत. ती सहा 1820 ची म्हणून लिहिणं ही निव्वळ आशा झाली असती. 1850 च्या दशकात ताइपिंग बंडात जिंगदेझेनच्या भट्ट्यांची नासधूस झाली, त्यानंतरचा निर्यातीचा निळा माल सर्वसाधारणपणे जाड आणि ढिसाळ आहे. त्यात अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शंभरीनिमित्त भरलेल्या 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनानंतर अमेरिकनांना आजी-पणजीच्या काळातल्या वस्तूंचं वेड लागलं आणि अपुऱ्या सेटमध्ये भर घालायला पुन्हा कँटन मागवलं गेलं.

मग ती भरलेल्या पदकाची 27 नगांची भर कधीची? इथे एक खूण उपयोगी पडली, जी कुठल्याही रासायनिक चाचणीत मिळणार नाही. ताटांची चळत करून ठेवली की वरच्या ताटाचं बिनग्लेझचं खरखरीत कडं खालच्या ताटाच्या तोंडावर घासतं आणि वर्षानुवर्षांनी तिथे मंद गोल वर्तुळ उमटतं. त्याचा व्यास मोजायचा, आणि कुठल्या ताटाच्या कड्याशी जुळतो ते बघायचं. आद्याक्षरांच्या ताटांची कडी थोडी मोठी होती, भरलेल्या पदकाच्या ताटांची जेमतेम अर्धा सेंटिमीटर लहान. आणि दोन्ही गटांतल्या ताटांवर दोन्ही मापांची वर्तुळं, एकमेकांना छेदून गेलेली. म्हणजे हे दोन गट फार काळ एकाच कपाटात, एकाच चळतीत होते. भर घातलेली आहे, पण भरही जुनी आहे. छापील नकलांवर असली वर्तुळं जवळपास नाहीत. सुरीचे ओरखडेही बघून घेतले. खऱ्या वापराचे ओरखडे आखूड, वाट्टेल त्या दिशेचे आणि मधल्या भागात दाट असतात. मुद्दाम जुनं दिसावं म्हणून काथ्याने घासलेल्या ताटावर ते एकाच वळणाने जातात.

ओरखड्यांनी आणखी एक फसवणूक पकडता येते. साध्या जुन्या ताटावर नंतर गरुड, जहाज किंवा आद्याक्षरं चढवून किंमत वाढवणं हा जुना धंदा आहे. अमेरिकन गरुड म्हटलं की भाव चढतो. भिंगातून बघितलं की जुन्या ओरखड्यात नवा रंग उतरलेला दिसतो, किंवा ओरखडा रंगाच्या खालून जातो. मूळ चित्रावर ओरखडा रंग कापून वरून जातो. या सेटमध्ये असलं काही नव्हतं. जुन्या पोर्सिलीनच्या नकला करणाऱ्या पॅरिसच्या सॅम्सन कारखान्याची एकोणिसाव्या शतकातली नक्कल असती तर ती वेगळी गोष्ट, तिचं अंग आणि चित्र एकाच काळाचं असतं, मग ग्लेझच्या रंगावरून आणि अति नितळपणावरूनच ओळखावं लागतं.

मोठ्या ट्युरीनपाशी थांबावं लागलं. भांड्याला दोन्ही कडांना रानडुकराच्या मुंडक्याचे कान, पोटावर आद्याक्षरं. झाकणाला फुलाचा गोंडा, काठ तोच, आणि ते बसतही होतं. घरच्यांनी कधी शंका घेतली नसेल. झाकण बसवून हलकेच फिरवलं तर एका कोनात ते टेकतं आणि विरुद्ध बाजूला एका पोस्टकार्डाच्या जाडीची फट राहते. त्यावरून काही ठरत नाही, भट्टीत दोन्ही थोडी पिळवटतातच. मग दोन्ही उत्तरेकडच्या खिडकीशी नेली. दिव्याखाली निळे रंग सारखे भासतात, दिवसाच्या उजेडात झाकणाचा निळा करडा आणि भांड्याचा जांभळट. झाकणावर आद्याक्षरांसाठी मोकळी जागाच नाही. सॉस-ट्युरीनांच्या दोन्ही झाकणांवर आहे. म्हणजे मोठं झाकण दुसऱ्या गटातलं, मूळचं फुटल्यावर आणलेलं. खालची तबकडी नाहीच. नोंदीत ‘झाकण त्याच नमुन्याचं, मूळ जोडीचं नव्हे’ असं लिहिलं.

माझरीन म्हणजे उकडलेल्या माशाचं पाणी निथळावं म्हणून प्लॅटरमध्ये ठेवायची भोकांची सपाट ताटली. ती कुठल्या प्लॅटरची हे बसवूनच बघावं लागतं. लंबगोल खळग्यात चारही बाजूंनी सारखं अंतर राहिलं पाहिजे आणि हलता कामा नये. पाचातल्या तिसऱ्या प्लॅटरमध्ये बसली. भोकांच्या आत काळपट चरबी दगडासारखी झालेली असते, ती लाकडी टूथपिकने, ओली करून, हळूहळू.

अवस्था तपासताना भट्टीतला दोष आणि नंतरची इजा वेगळी लिहायची. लोहाचे काळे ठिपके, सुईच्या टोकाएवढी छिद्रं, ग्लेझ न लागलेली जागा, थोडा वाकडेपणा, भाजतानाच पडून आत ग्लेझ शिरलेली चीर हे जन्माचे दोष, त्यांनी किंमत फारशी उतरत नाही. टवका, केसाएवढी चीर, बुडाला पडलेली चांदणीसारखी तडकण ही इजा. काठावर ग्लेझ बारीक बारीक सुटलेलं असतं ते मधलं प्रकरण. कडेला ग्लेझ पातळ बसतं आणि थंड होताना ते आणि माती सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, म्हणून वापरात ते सहज सुटतं. इजेची जागा घड्याळाच्या काट्यांनी लिहायची. गोल ताटाला वर-खाली नसतं, पण आद्याक्षरांमुळे ते ठरतं: अक्षरांच्या डोक्यावर 12. ‘4 वाजता काठाला 3 मिमी टवका’ असं लिहिलं की दुसऱ्या माणसाला ते लगेच सापडतं.

आवाजाची परीक्षा सगळ्यांना माहीत असते. ताट बोटांच्या टोकांवर तोलून नखाने काठावर टिचकी. धड ताट खणखणतं, चीर असेल तर बद्द वाजतं. पण जाड प्लॅटर मुळातच बद्द वाजतो, आणि चीर लहान असली तर ताट खणखणतंही. म्हणून ही फक्त पहिली चाळणी. नंतर अंधार करून मागून टॉर्च: चीर काळी रेघ होऊन दिसते, आणि डागडुजी केलेला भाग उजेड अडवतो. मग 365 नॅनोमीटरचा अतिनील दिवा. जुन्या लाखेचा सांधा नारिंगी चमकतो, इपॉक्सी आणि वरून मारलेला रंग बहुतेकदा पांढुरका किंवा पिवळट, पोर्सिलीन स्वतः गडद जांभळट राहतं. काही नव्या डागडुज्या मुद्दाम न चमकणाऱ्या रंगांत केलेल्या असतात, तेव्हा ‘दिव्याखाली स्वच्छ’ म्हणजे ‘दुरुस्ती नाही’ असं लिहू नये. आणि दिवा लावण्याआधी नग धुऊन घ्यावा. साबणाचा थर, कापडाचे तंतू आणि सेलोटेपचा गोंद हे सगळं भुतासारखं चमकतं.

दोन प्लॅटरना रिवेट होते. तडकलेल्या दोन्ही बाजूंना हिऱ्याच्या टोकाच्या ड्रिलने अर्ध्या जाडीपर्यंत भोकं पाडून, त्यात तारेचे आकडे ताणून बसवायचे, ही एकोणिसाव्या शतकातली नेहमीची दुरुस्ती. पितळ असेल तर हिरवट डाग, लोखंड असेल तर गंज. ते उपटायचे नाहीत. आकडा ताणाखाली असतो, एक काढला तर उरलेल्यांवर भार जातो आणि चीर पुढे पळते.

धुणं साधं आहे, तरी नुकसान सगळ्यात जास्त त्यातच होतं. प्लॅस्टिकचं टब, तळाला टॉवेल, कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोनचार थेंब, एका वेळी एकच नग. नळाखाली धरायचं नाही, नळाच्या तोटीवर आपटून उडालेले टवके कितीतरी. रिवेट, डागडुजी किंवा सोनं असलेले नग पाण्यात बुडवायचे नाहीत, ओल्या कापसाने पुसायचे. डिशवॉशर नाही. ब्लीच तर अजिबात नाही. ते चिरेतून मातीत शिरतं, वाळताना त्याचे क्षार स्फटिक होऊन ग्लेझ आतून ढकलतात. चिरेतला तपकिरी डाग काढायचा असेल तर ते संवर्धकाचं काम आहे. डाग तसाच राहिला तरी चालतो.

यात जेवावं का, हे हमखास विचारतात. ग्लेझखालचा निळा त्या मानाने सुरक्षित, कारण वरचं ग्लेझ उच्च तापमानाचं, शिशाशिवायचं. वरून काढलेल्या रंगांत मात्र शिसं असतं. लिंबू, व्हिनेगर, टोमॅटो अशा आंबट पदार्थांनी ते सुटू शकतं. शिशाची अधिकृत चाचणी 4 टक्के ॲसिटिक आम्लात 24 तास ठेवून करतात, आणि सपाट ताटांसाठी अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाची मर्यादा दर मिलिलिटरला 3 मायक्रोग्रॅम आहे. ती चाचणी जुन्या रंगीत ताटावर केली तर रंगच खराब होईल. घरगुती काडीची चाचणी फक्त वरवरचं सांगते. आमचं मत: नानकिंग-फिट्झह्यूच्या धड, बिनसोन्याच्या ताटात सणासुदीला कोरडा पदार्थ वाढायला हरकत नाही, पण आद्याक्षरांच्या ताटात आणि रोझ मेडालियनसारख्या रंगीत मालात नको. इपॉक्सीने जोडलेल्यात कधीच नको.

मुंबईशी या मालाचा खरा धागा आहे. कँटनला कापूस आणि अफू घेऊन जाणारे मुंबईचे पारशी व्यापारी तिथल्याच बाजारातून घरी भांडी आणत होते, आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी दिलेल्या संग्रहातलं चिनी पोर्सिलीन बघायला मिळतं. भारतातल्या एखाद्या घरात असा जुना सेट असेल आणि तो परदेशी नातेवाइकाकडे पाठवायचा विचार असेल, तर 1972 चा पुरावशेष कायदा आधी बघा. शंभर वर्षांवरची कलावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि वस्तू पुरावशेष नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो. विमानतळावर ही चर्चा करण्यात अर्थ नाही.

बांधताना ताटं आडवी रचायची नाहीत, खोक्यात उभी ठेवायची. आडव्या चळतीत सगळ्यांचा भार तळच्या ताटावर येतो आणि एका धक्क्यात ते मध्ये तडकतं. प्रत्येक ताटाला आधी आम्लरहित टिश्यू, मग बबल-रॅप. बबल-रॅप थेट सोन्यावर लावला आणि खोकं उन्हाळ्यात माळ्यावर राहिलं, तर बुडबुड्यांचे गोल सोन्यावर उमटतात. खोक्यात खोकं, मध्ये सर्व बाजूंनी 5 सेंटिमीटर भर. ट्युरीनच्या आत काहीही दाबून भरायचं नाही, आणि झाकण वेगळ्या खोक्यात, दोन्ही खोक्यांवर एकाच नंबराची चिठ्ठी. भिंतीवर लावायचे स्प्रिंगचे तारेचे हँगर असतील तर ते काढून टाकायचे. ते काठ सतत ओढत राहतात, आणि या सेटमधल्या दोन डेझर्ट बश्यांच्या चिरा नेमक्या हँगरच्या आकड्याखालीच सुरू होत होत्या.

यादी चार गटांत, चार वेगळ्या पानांवर दिली, ‘सेट’ हा शब्द फक्त पहिल्या पानावर वापरून. प्रत्येक नगाचे दोन फोटो, तोंडाचा आणि बुडाचा, शेजारी इंचांची पट्टी, कारण जुनी बिलं इंचांत आहेत आणि पुढे कधी एखादं जुळणारं बिल सापडलं तर ताडून बघता येईल. विमा आद्याक्षरांच्या 71 नगांचा एकत्र काढला, बाकीच्यांचा नगावारी. सात छापील नकला घरच्यांनी रोजच्या वापराला ठेवून घेतल्या. त्या डिशवॉशरमध्ये चालतात.